तार कारखान्यापासून मूळ गावापर्यंत : रोब्लिंग घराण्याची मुळे शोधताना

अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या पोलाद-तार कंपन्यांच्या पाटीवर एखाद्या घराण्याचे आडनाव असते आणि त्या घराण्याचे मूळ गाव समुद्रापलीकडे असते. ते शोधायला बसलेला नवखा माणूस आधी आडनाव संगणकावर टाकतो. युरोपात त्याच आडनावाचे एखादे कुटुंब सापडले की कंपनी त्या कुटुंबाला जोडून मोकळा होतो. अशा वंशावळी आंतरजालावर ढिगाने आहेत आणि एकमेकींची नक्कल करून वाढत आहेत. बरोबर क्रम याच्या उलट आहे. कंपनी जिथे संपली तिथून मागे यायचे आणि संस्थापकाचे नेमके गाव अमेरिकेतल्याच कागदांतून हाती आल्याशिवाय समुद्र ओलांडायचा नाही.

हा क्रम इथे ट्रेंटन, न्यू जर्सी इथल्या जॉन ए. रोब्लिंग्ज सन्स कंपनीच्या उदाहरणाने मांडला आहे. गोल्डन गेट पुलाच्या केबल याच कंपनीने उभारल्या. तिचे कागद भरपूर शिल्लक आहेत आणि एडिसन, प्लेन्सबरो, प्रिन्स्टन भागातल्या मराठी कुटुंबांना त्यातले निम्मे काम रेल्वेने जाऊन करता येईल इतके जवळ आहे.

पायरी १ : कंपनीची सगळी नावे लिहून काढा

एका कोऱ्या कागदावर उजवीकडून डावीकडे, म्हणजे अलीकडून मागे, कंपनीची नावे, गावे आणि वर्षे मांडा. रोब्लिंगच्या बाबतीत ती अशी येतात. १९५२-५३च्या सुमारास कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्नला विकली गेली. १८७६मध्ये ती 'जॉन ए. रोब्लिंग्ज सन्स कंपनी' म्हणून नोंदली गेली होती. त्याआधी संस्थापक जॉन रोब्लिंगच्या स्वतःच्या नावाने चाललेला धंदा होता, १८४९च्या आसपासपासून ट्रेंटनला. त्याच्याही आधी, १८४१पासून, पेनसिल्वेनियातल्या सॅक्सनबर्ग गावात मोकळ्या कुरणावर हाताने वायर रोप, म्हणजे तारांचा दोर, वळला जात होता.

ही यादी करताना एक प्रश्न आधी निकालात काढा : कंपनी खरोखर एका घराण्याची आहे का? अमेरिकन स्टील अँड वायर हे नाव शोधणारे बरेच जण इथेच अडकतात. ती १८९८-९९मध्ये अनेक कारखाने एकत्र करून झालेली कंपनी आणि १९०१मध्ये ती युनायटेड स्टेट्स स्टीलमध्ये गेली. तिला एक घराणे नाहीच. तुमच्या हातातल्या जुन्या बिलावर किंवा पत्र्याच्या पाटीवर हे नाव असेल, तर आधी कारखान्याचे गाव शोधा. गाव वुस्टर, मॅसॅच्युसेट्स निघाले तर धागा वॉशबर्न अँड मोएन कंपनीकडे जातो आणि तिथून इकाबॉड वॉशबर्नकडे. त्यातले 'मोएन' हे वॉशबर्नच्या जावयाचे आडनाव. मुलींच्या सासरची आडनावे यादीत नसतील तर निम्मे भागीदार अनोळखीच राहतात, म्हणून पहिल्या दिवसापासून जावयांसाठी वेगळा रकाना ठेवा.

नोंदणीचा दाखला मिळवाच. त्यावर संस्थापक भागधारकांची नावे, राहण्याची ठिकाणे, भागभांडवल आणि प्रत्येकाचे भाग किती ते असते. न्यू जर्सीसाठी ट्रेंटनमधले राज्य अभिलेखागार आणि काउंटी क्लार्कचे कार्यालय, अशा दोन्ही ठिकाणी विचारा.

कंपनीचा इतिहास आणि घराण्याचा इतिहास यांत गल्लत होऊ देऊ नका. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता जॉनचा मुलगा वॉशिंग्टन रोब्लिंग होता हे खरे, पण पुलाच्या मुख्य केबलच्या तारेचे कंत्राट दुसऱ्याच कारखानदाराला मिळाले होते आणि त्याने खराब तार खपवली म्हणून ते प्रकरण गाजले. आडनाव पुलाशी जोडलेले आहे म्हणून प्रत्येक तार त्यांच्याच कारखान्यातली, असे धरता येत नाही.

पायरी २ : कारखान्याची जागा पक्की करा

काँग्रेसच्या ग्रंथालयाने सॅनबोर्न कंपनीचे आगविमा नकाशे संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. प्रमाण बहुधा एक इंचाला ५० फूट. गुलाबी रंग म्हणजे विटांची इमारत, पिवळा म्हणजे लाकडी, निळा दगडी, करडा लोखंडी. तार ओढण्याची कार्यशाळा, ॲनीलिंगची, म्हणजे तार तापवून मऊ करण्याची, भट्टी, दोर वळण्याची इमारत अशी नावे नकाशावरच लिहिलेली असतात. शेजारच्या कारखान्याचे नावही दिसते आणि त्यावरून कच्चा माल कुठून येत असेल याचा अंदाज बांधता येतो.

जागा पक्की करण्याचे खरे कारण मात्र सरकारी हद्द. रोब्लिंग कारखान्याभोवतीचा चेंबर्सबर्ग भाग १८८८पर्यंत ट्रेंटन शहरात नव्हता. त्याआधीच्या नोंदी 'ट्रेंटन' या नावाखाली शोधून रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ आहेत. तिथे सापडले नाही तर हॅमिल्टन टाउनशिप आणि चेंबर्सबर्ग ही नावे घालून पाहा. पुढे १९०५पासून कंपनीने ट्रेंटनच्या दक्षिणेला डेलावेअर नदीकाठी नवा पोलाद कारखाना आणि कामगारांसाठी गाव वसवले. त्या गावाचेही नाव रोब्लिंगच, पण काउंटी बदलते : मर्सर नाही, बर्लिंग्टन.

पायरी ३ : जनगणना, पण रकाने समजून

दर दहा वर्षांची संघराज्य जनगणना फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडून फुकट पाहता येते. प्रत्येक वर्षाची प्रश्नावली वेगळी आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस नको तिथे नको ते शोधत बसतो.

१८४०पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, बाकीचे केवळ वयोगटाचे आकडे. १८५०पासून घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि जन्मस्थान. १८६० आणि १८७०मध्ये गणकांना सूचना होती की नुसते 'जर्मनी' न लिहिता प्रशिया, बाडेन, बव्हेरिया असे राज्य लिहावे. म्हणून जर्मन घराण्यासाठी या दोन वर्षांची पाने सोन्याच्या मोलाची. १८८०मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांची जन्मस्थाने आली. १८९०ची जनगणना आगीत जवळजवळ सगळी गेली. ती पोकळी न्यू जर्सीत राज्याच्या स्वतःच्या १८८५ आणि १८९५च्या गणनेने भरून निघते. १९००मध्ये जन्माचा महिना-वर्ष आणि स्थलांतराचे साल आहे. ७२ वर्षे उलटल्याखेरीज जनगणना खुली होत नाही, त्यामुळे सध्या १९५०ची गणना शेवटची.

कारखानदारांसाठी याच जनगणनेत एक वेगळी वही आहे आणि ती फार थोडे लोक उघडतात. १८५० ते १८८०च्या उद्योग-तक्त्यांत वर्षाला ५०० डॉलरपेक्षा जास्त माल काढणाऱ्या प्रत्येक कारखान्याची नोंद झाली : गुंतवलेले भांडवल, कच्च्या मालाचे प्रमाण आणि किंमत, वाफेवर की पाण्यावर चालतो, सरासरी किती स्त्री-पुरुष कामाला, मजुरी, वर्षाचे उत्पादन. मालकाचे नाव पहिल्याच रकान्यात असते. दोन गणनांमध्ये ते नाव बापाकडून मुलाकडे किंवा एका भागीदाराकडून दुसऱ्याकडे गेले, की धंदा कोणत्या दशकात हस्तांतरित झाला ते कळते.

जन्मस्थानाचा रकाना कसा फसवतो याचे उत्तम उदाहरण याच घराण्यात आहे. वॉशिंग्टनचा मुलगा जॉन ए. रोब्लिंग दुसरा १८६७मध्ये जर्मनीत, म्युलहाउझेनला जन्मला, कारण तेव्हा त्याचे आईवडील पुलांच्या पायाचे तंत्र अभ्यासायला युरोपात होते. त्याचा बाप १८३७चा, सॅक्सनबर्गचा. म्हणजे नातू जर्मनीत जन्मलेला आणि मुलगा अमेरिकेत. नुसती एक ओळ पाहून या नातवाला 'स्थलांतरित' ठरवले आणि आजोबांच्या जागी बसवले, की दोन पिढ्या गहाळ. नावे पुन्हा पुन्हा तीच ठेवण्याची यांची रीत आहे : जॉन, वॉशिंग्टन, फर्डिनंड, कार्ल. टायटॅनिकवर बुडालेला वॉशिंग्टन रोब्लिंग हा पूल बांधणाऱ्याचा पुतण्या, चार्ल्सचा मुलगा. म्हणून प्रत्येक व्यक्तीच्या नावामागे जन्म-मृत्यूची साले लिहिल्याशिवाय तिला वंशावळीत जागा देऊ नका.

स्पेलिंगचेही बघा. सरकारी अनुक्रमणिका साउंडेक्स पद्धतीने, म्हणजे आडनावाच्या उच्चारावरून अक्षर-आकड्यांचा संकेत काढून, केलेल्या असतात. रोब्लिंगचा संकेत येतो 'आर १४५'. गणकाने 'बी'ऐवजी 'एच' वाचून 'रोहलिंग' लिहिले असेल तर संकेत 'आर ४५२' होतो आणि ते कुटुंब तुमच्या शोधात येतच नाही. दोन्ही संकेतांनी शोधा. तरीही नाही सापडले तर आडनाव सोडून द्या आणि पहिले नाव, वय, गाव एवढ्यावर शोध घ्या.

पायरी ४ : जमीन, पेटंट, मृत्युपत्र

खरेदीखते काउंटीच्या कचेरीत असतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सूची. दोन्ही पाहा. विक्रीच्या खतात बायकोने आपला हक्क सोडल्याचे कलम असते आणि त्यातून तिचे नाव मिळते. जॉन आणि त्याचा भाऊ कार्ल यांनी १८३१मध्ये सॅक्सनबर्गच्या बटलर काउंटीत सुमारे १,६०० एकर जमीन घेऊन ती जर्मनीहून येणाऱ्यांना विकली. त्यामुळे बटलरची खते एका कुटुंबापुरती नाहीत, गावच्या गाव कुठून आले ते दाखवतात. जॉनची पहिली बायको योहान्ना हर्टिंग हीसुद्धा म्युलहाउझेनहून आलेल्या कुटुंबातली. संस्थापकाचे गाव सापडत नसेल तर बायकोच्या माहेरचे शोधा. एकाच गावचे लोक एकत्र निघत, शेजारी जमिनी घेत आणि आपसांत सोयरीक करत.

पेटंटवर अर्जदाराचे गाव आणि काउंटी छापलेली असते. रोब्लिंगचे वायर रोपचे पेटंट १८४२चे, क्रमांक २,७२०. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रात इतके जुने पेटंट क्रमांकाने शोधणेच खात्रीचे. गूगल पेटंट्सवर शब्दाने शोध होतो, पण जुन्या छपाईमुळे नाव चुकीचे वाचलेले असते. डिसेंबर १८३६च्या आगीत पेटंट कार्यालय जळाले, त्यामुळे त्याआधीचे बरेच कागद नाहीतच.

मृत्युपत्र वाचताना वारसांच्या यादीइतकेच जे नाही त्याकडे लक्ष द्या. योहान्ना १८६४मध्ये वारली, जॉनने १८६७मध्ये लुशिया कूपरशी लग्न केले आणि जुलै १८६९मध्ये तो धनुर्वाताने गेला. त्याच्या कागदांत 'विधवा' म्हणून येणारी बाई ही मुलांची आई नाही. हे न तपासता लुशियाला मुलांची आई दाखवणाऱ्या वंशावळीपासून सावध राहा.

पायरी ५ : समुद्र

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. रोब्लिंग भाऊ १८३१च्या मे महिन्यात ब्रेमेनहून निघाले आणि ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला उतरले. ब्रेमेनच्या प्रवासी याद्या शोधू नका. काही जागा नाही म्हणून कचेरीनेच नष्ट केल्या, उरलेल्यांपैकी बहुतेक युद्धात गेल्या. १९२०पूर्वीचे जवळजवळ काही नाही. हँबर्गच्या याद्या शिल्लक आहेत, पण १८५०पासून. त्यामुळे १८२० ते १८५०च्या माणसासाठी उतरण्याच्या बंदराची यादी हाच आधार. १८२०पासून कप्तानाने ती जकात खात्याला द्यायची होती. तिच्यात नाव, वय, लिंग, व्यवसाय, देश एवढेच असते. गाव नसते.

नागरिकत्वाच्या कागदांची गोष्ट तशीच. १९०६पूर्वी कोणतेही न्यायालय नागरिकत्व देत असे, म्हणून गावातल्या प्रत्येक न्यायालयाची वही पाहावी लागते. काम दोन टप्प्यांत चाले, आधी इराद्याची घोषणा आणि किमान पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज. दोन्ही वेगवेगळ्या काउंटीत असू शकतात. बहुतेक ठिकाणी 'प्रशियाच्या राजाशी निष्ठा सोडतो' एवढेच वाक्य सापडते. गावाचे नाव यात मिळाले तर भाग्य. नाही मिळाले तर थडग्यावरचा लेख, जर्मन भाषेतल्या स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता आणि चर्चच्या लग्नाच्या नोंदी, या क्रमाने जा. कंपनीने छापलेल्या गौरवग्रंथापेक्षा चर्चच्या वहीवर जास्त विश्वास ठेवा, कारण पाद्र्याला कंपनीचा माल विकायचा नव्हता.

थडग्यांसाठी : जॉन रोब्लिंग ट्रेंटनच्या रिव्हरव्ह्यू दफनभूमीत आहे, तर वॉशिंग्टन आणि त्याची बायको एमिली न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंगला, एमिलीच्या माहेरगावी.

पायरी ६ : कोणते म्युलहाउझेन?

गावाचे नाव हातात आले म्हणजे गाव सापडले असे नाही. म्युलहाउझेन नावाची गावे जर्मन भाषक प्रदेशात अनेक आहेत. फ्रान्सच्या आल्सासमधले कापडगिरण्यांचे मुलूझ शहरसुद्धा जर्मनमध्ये जवळपास तसेच लिहितात. रोब्लिंगचे म्युलहाउझेन थुरिंगियातले. तिथे जॉन १२ जून १८०६ रोजी जन्मला. त्याच्या वडिलांचे तंबाखूचे दुकान होते.

त्या शहराच्या सत्ता बदलत गेल्या, आणि कागदही त्यांच्यामागून विखुरले. १८०२पर्यंत ते स्वतंत्र शाही शहर होते. नंतर प्रशियाकडे गेले. १८०७ ते १८१३ नेपोलियनच्या भावाचे वेस्टफालिया राज्य. मग पुन्हा प्रशिया आणि तिथला 'सॅक्सनी प्रांत'. म्हणूनच अमेरिकेतल्या वस्तीचे नाव सॅक्सनबर्ग. त्यावरून ड्रेस्डेनच्या सॅक्सनी राज्याच्या अभिलेखागाराला पत्र पाठवणारे चुकीच्या दारावर थाप मारतात. प्रशियाचा सॅक्सनी प्रांत आणि सॅक्सनीचे राज्य हे दोन वेगळे प्रदेश होते.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात ऑक्टोबर १८७४मध्ये आणि सगळ्या जर्मनीत जानेवारी १८७६मध्ये सुरू झाली. त्याआधी चर्चच्या वह्या. वेस्टफालियाच्या काळातल्या नागरी नोंदी मात्र वेगळ्या ठेवलेल्या असू शकतात, म्हणून त्या वर्षांतले जन्म शोधताना त्याही विचारा. प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा आर्किऑन या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. तिथे महिनाभराचे शुल्क भरण्याआधी तुमच्या गावाची वही चढवलेली आहे का ते फुकट पाहता येते, ते आधी पाहा. शहरात एकापेक्षा जास्त पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, असतील तर प्रत्येकाची वही वेगळी. एकीत नाव नाही म्हणजे माणूस तिथला नाही, असे होत नाही.

वह्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. मोडी शिकलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल : अक्षरे सुटी कळतात, ओळ वाचता येत नाही. कुरेंटमधला 'ई' अगदी 'एन'सारखा दिसतो. 'यू' वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर कमान काढतात. 'एस'ची दोन रूपे आहेत आणि लांब रूप 'एफ' वाटते. महिन्यांत तर हमखास फसगत होते : ७बर म्हणजे सप्टेंबर, ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर आणि एक्सबर डिसेंबर. ७बर पाहून जुलै लिहू नका. त्याच पाद्र्याच्या हातच्या, तुम्हाला आधीच माहीत असलेल्या एखाद्या नावापासून सुरुवात करून त्याची अक्षरे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, मग वाचन पुढे सरकते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत मूल, आईवडील, बापाचा धंदा आणि धर्मपालक (बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारे) एवढे उतरवून घ्या. नवखे लोक धर्मपालकांना वगळतात. ते बहुधा काका, आत्या, मामा नाहीतर धंद्यातले भागीदार असतात, आणि पुढे अमेरिकेत त्यांतलीच नावे जमिनीच्या खतांवर साक्षीदार म्हणून भेटतात. दोन खंडांतला दुवा सिद्ध होतो तो अशा नावांनी. आडनाव जुळले, पण धर्मपालक, बापाचा धंदा आणि वय यांतले काहीच जुळत नसेल, तर ती नोंद बाजूला ठेवा.

घराण्यातल्या दंतकथा याच टप्प्यावर तपासायच्या. रोब्लिंग हा तत्त्वज्ञ हेगेलचा शिष्य होता, असे सर्रास लिहिले जाते. तो बर्लिनच्या बांधकाम अकादमीत शिकला, तर हेगेल शिकवायचा विद्यापीठात. एका संस्थेच्या पटावरचे नाव दुसऱ्या संस्थेच्या वर्गाचा पुरावा होत नाही. तसेच जगातला पहिला वायर रोप रोब्लिंगचा नव्हे. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरांतल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्टने १८३४मध्येच तो वापरात आणला होता. रोब्लिंगचा मान अमेरिकेपुरता.

पायरी ७ : प्रत्यक्ष जाणे आणि पत्र लिहिणे

रोब्लिंग कुटुंबाचे कागद मुख्यतः दोन ठिकाणी आहेत : न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाच्या अलेक्झांडर ग्रंथालयात आणि न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय इथल्या रेन्सलिअर पॉलिटेक्निकमध्ये, जिथून वॉशिंग्टन १८५७मध्ये पदवीधर झाला. पत्रव्यवहार, रेखाटने आणि वॉशिंग्टनने लिहिलेले वडिलांचे चरित्र यांचा त्यात समावेश आहे. त्या चरित्रात बापाचा कठोर, मारकुटा स्वभाव लपवलेला नाही. घरच्याच माणसाने लिहिले म्हणून ते गोडगोड असेल असे समजू नका, पण त्यातल्या तारखा मूळ कागदाशी ताडूनच घ्या. जाण्याआधी संग्रहाची सूची संकेतस्थळावर वाचा, खोका क्रमांक आणि फोल्डर क्रमांक लिहून घ्या आणि ई-मेलने वेळ ठरवा. पेन चालत नाही, पेन्सिल न्या.

न्यू ब्रन्सविक आणि ट्रेंटन दोन्ही नॉर्थईस्ट कॉरिडॉर रेल्वेवर आहेत. ट्रेंटनहून रिव्हर लाइन गाडी थेट रोब्लिंग स्थानकावर नेते. तिथल्या जुन्या मुख्य प्रवेशद्वारात आता संग्रहालय आहे. कामगार घराण्यांच्या शोधासाठी, म्हणजे हंगेरी, रोमानिया, पोलंडहून आलेल्यांच्या वंशजांना, मालकांच्या कागदांपेक्षा इथली सामग्री जास्त उपयोगी पडते.

जर्मनीतल्या शहर अभिलेखागाराला पत्र जर्मनमध्ये लिहा, भाषांतराची मदत घेऊन का होईना. एका पत्रात एकच माणूस : पूर्ण नाव, जन्माचे साल, धर्म, बापाचे नाव आणि ही माहिती कोणत्या कागदातून आली ते. 'घराण्याबद्दल जे असेल ते पाठवा' असे लिहिले तर उत्तरात शुल्काचे कोष्टक येते. शोधाचे शुल्क सहसा वेळेवर आकारतात, म्हणून किती खर्चापर्यंत काम करावे ते पत्रातच सांगा. जर्मन कायद्याने सरकारी नोंदवहीतले जन्म ११० वर्षे, विवाह ८० आणि मृत्यू ३० वर्षे बंद असतात. त्या मुदतीतली नोंद हवी असेल तर वंशज असल्याचे दाखले सोबत जोडावे लागतात. उत्तराला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर उद्योग-तक्त्यांची चारही वर्षे आणि बटलर काउंटीच्या दोन्ही सूची पूर्ण करून ठेवा, म्हणजे धर्मपालकांची यादी आल्याबरोबर ती ताडून पाहता येईल.